गाठीला उपाशी मारता येतं का?

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पिंपरीकरांची 'एचए कंपनी', १९५४ मध्ये पेनिसिलिनसाठी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने काढलेला हा कारखाना केवळ औषधं भरून बाहेर पाठवत नव्हता, मातीतल्या जिवाणूंवर तिथे संशोधनही चालायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक नवा जिवाणू सापडला. त्याचं बारसं झालं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' या नावाने. त्याच्यापासून जे औषध मिळालं ते हमायसिन, बुरशीवरचा उतारा.

त्याच दशकात, १९६४ मध्ये, कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावर, म्हणजेच ईस्टर बेटावर गेली. तिने आणलेल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस घराण्यातलाच आणखी एक जिवाणू निघाला. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्र नाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यातून वेगळं काढलेलं द्रव्य १९७५ मध्ये जगापुढे मांडलं. तेही सुरुवातीला बुरशीनाशक म्हणूनच. त्याचं नाव रापामायसिन.

हमायसिन बुरशीच्या औषधांतच राहिलं. रापामायसिनचा प्रवास मात्र फार लांबला. ते पेशीत नेमकं कशावर घाव घालतं याचा माग काढताना १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात मायकल हॉल यांच्या प्रयोगशाळेत यीस्टमधली दोन जनुकं हाती लागली. त्यांना 'टॉर' म्हणतात. तीनच वर्षांनी सस्तन प्राण्यांतलं त्याचं भावंड सापडलं, ते 'एमटॉर'. आपण खाल्लेल्या अन्नाची खबर घेऊन पेशीने वाढायचं की दम धरायचा, हे ठरवणारं हे प्रथिन. आहारामुळे गाठ वाढते का, किंवा आहाराने ती आटते का, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर वाट इथूनच जाते. आणि ही वाट सर्वांत स्पष्ट दिसते ती एका जनुकीय आजारात, ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात 'टीएससी' म्हणतात.

पांढरा डाग, फिट आणि सोनोग्राफी

या आजाराची ओळख बहुतेक घरांना आडवाटेने होते. तान्ह्या बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग दिसतात आणि घरच्यांना पहिली भीती वाटते ती कोडाची. काही महिन्यांनी बाळ एकदम दचकल्यासारखं वाकायला लागतं, एकामागून एक झटके येतात, आणि मग मेंदूचा एमआरआय होतो. कधी त्याही आधी, आई गरोदर असतानाच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठ दिसते. कधी उलट होतं. तिशीतल्या माणसाच्या गालांवर लहानपणापासून असलेले लालसर फोड मुरूम समजून सोडून दिलेले असतात, आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब जास्त निघतो म्हणून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत गाठी सापडतात.

फ्रेंच डॉक्टर बुर्नव्हिल यांनी १८८० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. जनुकं सापडायला शंभरावर वर्षं गेली. सोळाव्या गुणसूत्रावरचं टीएससी-२ हे १९९३ मध्ये, नवव्या गुणसूत्रावरचं टीएससी-१ हे १९९७ मध्ये. दोहोंपैकी एक बिघडलं तरी आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत बिघाड नव्याने झालेला असतो, घराण्यात आधी कोणालाच नसतो. त्यामुळे 'कोणाच्या बाजूने आलं' हा सासर-माहेरचा हिशोब बहुतेक घरांत निरर्थक ठरतो.

साधारण सहा हजार जन्मांमागे एक असं याचं प्रमाण सांगतात. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या आसपास होती. ढोबळ भागाकार केला तरी एकट्या शहरात पावणेतीनशेच्या घरात माणसं येतात. त्यानंतर वाढलेली वस्ती, चाकण, तळेगाव आणि खेड तालुका वेगळेच. आजार दुर्मीळ खरा, पण आपल्या गावात नसेल इतका दुर्मीळ नाही.

या आजारातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. त्या शरीरभर पसरत सुटत नाहीत, पण जिथे असतात तिथे अडचण करतात. मेंदूतली गाठ पाण्याचा मार्ग अडवते. मूत्रपिंडातली गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असल्यामुळे मोठी झाली की फुटून रक्तस्राव होऊ शकतो. चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठीवर डॉक्टर म्हणूनच जास्त लक्ष ठेवतात. बाळाच्या हृदयातली गाठ मात्र बहुतेक वेळा वय वाढेल तशी आपोआप विरून जाते. एकाच माणसात, एकाच जनुकाच्या बिघाडातून आलेल्या या गाठी. एक आपसूक विरते, दुसरी वाढत राहते. आहाराचा विचार करताना एवढी गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

लाइन कोण थांबवतं?

चाकणच्या एखाद्या प्लांटमधली असेंब्ली लाइन घ्या. स्टोअरमध्ये माल आहे, वीज आहे, वरून ऑर्डर आहे, तर लाइन चालते. माल संपला किंवा वीज गेली, की कोणीतरी ती थांबवावी लागते. पेशीत वाढीची लाइन म्हणजे एमटॉर. ती सुरू असली की नवी प्रथिनं, नवी चरबी तयार होते आणि पेशी मोठी होते. ही लाइन थांबवायला दोन प्रथिनांची जोडी नेमलेली असते. टीएससी-१ जनुकातून हॅमार्टिन बनतं, टीएससी-२ मधून ट्यूबरिन. दोघं मिळून 'रेब' नावाच्या लहानशा प्रथिनाला दाबून ठेवतात, आणि रेब दबलं की एमटॉर थंड पडतं.

ही जोडी हुकूम कोणाचा ऐकते? मुख्यतः जेवणाचा. पोटभर पोळी-भात खाल्ला की रक्तात इन्सुलिन वाढतं. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचला की ट्यूबरिनला बाजूला केलं जातं, रेब मोकळं होतं आणि लाइन सुरू होते. उलट उपास घडला, पेशीतली ऊर्जा घसरली, की दुसरा निरोप येतो आणि ट्यूबरिन लाइन थांबवतं. तिसरी वाट अमिनो आम्लांची आहे. डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांपासून मिळणारं ल्युसीन पेशीत आहे की नाही हे पाहणारी वेगळी प्रथिनं असतात. ल्युसीन असेल तरच ती एमटॉरला कामाच्या जागी नेऊन बसवतात. ही वाट बरीचशी ट्यूबरिनला वळसा घालून जाते.

टीएससीच्या रुग्णाच्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी चांगली असते, तोवर काम भागतं. एखाद्या पेशीत तीही बिघडली, की त्या पेशीपुरता लाइन थांबवणारा माणूसच गैरहजर. मग त्या एका पेशीपासून गाठ वाढते. हे जनुक आणि एमटॉर यांचं नातं २००२ च्या सुमारास उलगडलं, आणि आजाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

आता मूळ प्रश्नाकडे या. जेवण कमी केलं, साखर तोडली, उपास धरले, तर इन्सुलिन उतरतं. धडधाकट पेशी हा निरोप ऐकून थबकते. पण ज्या पेशीत निरोप ऐकणारी जोडीच नाही, ती कशी थांबणार? उपास लागू पडतो तो निरोगी पेशींना. गाठीपर्यंत त्याची खबरच धड पोचत नाही.

हा नुसता तर्क नाही. २००९ मध्ये 'नेचर'मध्ये नादा कलानी आणि डेव्हिड सॅबाटिनी यांनी उंदरांवरचे प्रयोग मांडले. माणसाच्या वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशी उंदरांत वाढवल्या आणि काही उंदरांचं खाणं ४० टक्क्यांनी कमी केलं. काही गाठी खरंच मंदावल्या. काहींना ढिम्म फरक पडला नाही. फरक कुठे होता? ज्या गाठींत इन्सुलिनचा निरोप पोचवणारी साखळी बिघाडामुळे कायमची चालू राहिली होती, त्या गाठी उपासाला जुमानत नव्हत्या. हे कॅन्सर टीएससीचे नव्हते, पण बिघाड त्याच साखळीतला, थोडा वरच्या टप्प्यावरचा. 'साखर बंद केली की गाठ उपाशी मरते' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लाडका दावा इथेच लंगडा पडतो. शिवाय साखर तोडली तरी यकृत स्वतः ग्लुकोज बनवून रक्तात सोडत राहतं, आणि गाठीला हवी तेवढी त्यातून मिळते.

दिवसभरात अर्धी पोळी

तरीही टीएससीच्या घरांत एका आहाराचं नाव हमखास निघतं, ते म्हणजे कीटोजेनिक आहार. आज जिममध्ये जे 'कीटो' चालतं त्याच्याशी याचं नातं दूरचं. हा मुळात फिट येणाऱ्या मुलांसाठीचा उपचार आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी तो १९२१ मध्ये सुचवला. उपाशी राहिल्यावर फिट कमी होतात, पण मुलाला कायम उपाशी ठेवता येत नाही. तेव्हा जेवण देऊनही शरीराला उपासाची अवस्था भासेल असं करायचं, ही त्यामागची कल्पना. पिष्टमय पदार्थ जवळजवळ काढून टाकायचे आणि चरबी भरपूर द्यायची. यकृत त्या चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यांवर चालतो.

हा आहार घरात आणणं म्हणजे काय, ते जरा हिशोबाने पाहू. कडक प्रकारात चरबी आणि बाकीचं यांचं प्रमाण चारास एक असतं. प्रथिनं आणि पिष्ट मिळून एक ग्रॅम, तर चरबी चार ग्रॅम. म्हणजे चाळीस कॅलरींचा एक घास. समजा वीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला १,२०० कॅलरी द्यायच्या आहेत. असे तीस घास झाले: चरबी १२० ग्रॅम, आणि प्रथिनं-पिष्ट मिळून ३० ग्रॅम. वाढत्या वयात त्यातली २० ग्रॅम तरी प्रथिनंच हवीत. पिष्टासाठी उरले १० ग्रॅम, तेही अख्ख्या दिवसाला, भाजीतलं आणि दुधातलं धरून. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत २० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. म्हणजे अर्ध्या पोळीत मुलाचा दिवसाचा कोटा संपला. वरण नाही, भात नाही, केळं नाही, बिस्किट नाही. ताटात लोणी, साय, खोबरेल तेल, पनीर, अंडं, काकडी; आणि सगळं ग्रॅमच्या काट्यावर मोजून. शाळेत शेजारच्या मुलाने वाढदिवसाचं चॉकलेट दिलं तरी बेत कोसळतो. म्हणून हा आहार मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. बद्धकोष्ठता, मुतखडा, रक्तातली चरबी वाढणं, वाढ खुंटणं यांवर नजर ठेवावी लागते. भारतीय जेवणात हे बसवता येतं का, याचा अनुभव मुंबईच्या डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात मांडलेला आहे.

फिटांवर त्याचा उपयोग होतो. एरिक कॉसॉफ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टीएससीच्या १२ मुलांचा अनुभव नोंदवला. सहा महिन्यांनी त्यांतल्या ११ जणांचे झटके निम्म्याहून जास्त घटले होते. मग साहजिकच आशा वाढली. कीटोमुळे इन्सुलिन उतरतं, इन्सुलिन उतरलं की एमटॉर मंदावेल, एमटॉर मंदावलं की गाठ आटेल. कागदावर साखळी अगदी चोख.

२०१० मध्ये हा आहार घेणाऱ्या टीएससीच्या पाच मुलांच्या गाठींचा मागोवा प्रसिद्ध झाला. आहार चालू असतानाही गाठींची वाढ थांबली नव्हती. पाच हा आकडा छोटा, त्यावरून कायमचा निकाल देता येत नाही. पण पुढचा निष्कर्ष जास्त सावध करणारा आहे. एकर जातीच्या उंदरांत टीएससी-२ जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, आणि त्यांच्या मूत्रपिंडांत गाठी येतात. नॉर्वेच्या रायडार एकर यांनी १९५४ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. पोलंडमधल्या संशोधकांनी या उंदरांना आठ महिन्यांपर्यंत कीटोजेनिक आहार दिला आणि २०१६ मध्ये निकाल मांडला: दीर्घकाळ हा आहार घेतलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या गाठी वाढल्या. त्यांच्यात ओलेइक आम्ल साठलं होतं, वाढीचं संप्रेरक जास्त बनत होतं आणि एमटॉर मंदावायच्या ऐवजी जागं झालं होतं.

उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. ज्या मुलाच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत, त्याला कीटो आहार नाकारण्याचं हे कारण नव्हे. पण 'फिटांना चाललं म्हणजे गाठीलाही चालेल' ही उडी मारता येत नाही, एवढं यातून नक्की कळतं. फिटांसाठी आहार सुरू असताना मूत्रपिंडांची तपासणी लांबणीवर टाकू नये, हा त्यातला व्यवहाराचा भाग.

औषध चालतं, मग जेवणाचं काय काम?

लाइन थांबवणारा माणूस गैरहजर असेल तर लाइनच बाहेरून बंद करायची, हे काम रापामायसिन करतं. २००८ मध्ये जॉन बिसलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वर्षभर हे औषध घेतल्यावर मूत्रपिंडातल्या गाठींचं आकारमान सरासरी निम्म्याजवळ आलं. औषध थांबवून वर्ष झाल्यावर ते मूळच्या ८६ टक्क्यांपर्यंत परत चढलं. पुढे त्याचंच भावंड एव्हरोलिमस आलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११८ रुग्ण होते. एव्हरोलिमस घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के जणांच्या मूत्रपिंडातल्या गाठी ठरवलेल्या मापापेक्षा जास्त आटल्या, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत असा एकही नव्हता. मेंदूतल्या गाठींवरच्या चाचणीत हेच प्रमाण ३५ टक्के आणि शून्य असं आलं.

या आकड्यांपुढे आहाराचं पारडं हलकं वाटेल. पण जेवणाचं खरं काम इथेच सुरू होतं, कारण ही औषधं आणि ताट यांचा संबंध अगदी जवळचा आहे. आतड्यातलं आणि यकृतातलं एक विकर ही औषधं तोडून बाहेर काढतं. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं त्या विकराला निकामी करतात आणि औषधाची रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. आपल्याकडे ग्रेपफ्रूट क्वचित, पण गणपतीच्या सुमारास बाजारात येणारं पपनस त्याच जवळच्या नात्यातलं, तेव्हा तेही टाळलेलं बरं. तेलकट जेवणाने औषध शोषलं जाण्यात फरक पडतो, म्हणून गोळी रोज एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने घ्यायची: जेवून तर रोज जेवूनच, रिकाम्या पोटी तर रोज रिकाम्या पोटी. तोंड येणं हा या औषधांचा नेहमीचा त्रास. त्या दिवसांत मिसळ आणि ठेचा बाजूला ठेवून दहीभात, मऊ खिचडी बरी. रक्तातली चरबी आणि साखर वाढू शकते, तेव्हा वडापाव आणि गोड चहाचा हिशोब इथे कामाला येतो. गाठ त्याने आटणार नाही, पण औषध सोसलं जाईल आणि दीर्घकाळ चालू ठेवता येईल. औषध थांबलं की गाठ परत वाढते हे लक्षात घेतलं तर हे काम लहान नाही.

मूत्रपिंडात गाठी असणाऱ्याचा रक्तदाब हा दुसरा मुद्दा. पापड, लोणचं, फरसाण, कँटीनची चमचमीत रस्साभाजी यांतलं मीठ कमी करणं हा मूत्रपिंड वाचवण्याचा सरळ उपाय आहे. जिममधल्या प्रोटीन पावडरचं काय? अमिनो आम्लांची वाट टीएससीच्या पेशीतही बरीच शाबूत असते, आणि मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात. तेव्हा डबेच्या डबे रिचवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पण म्हणून वाढत्या मुलाची डाळ, अंडी, दूध तोडू नये. त्याने गाठ थांबते असा पुरावा नाही, मूल मात्र खंगतं.

पिंपरी-चाकणकडे आणखी एक गोष्ट येते, ती पाळ्यांची. आठवड्या-आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाचं जेवण, झोप आणि गोळीची वेळ सगळंच सरकतं. अपुरी झोप हे फिट येण्याचं ओळखीचं कारण आहे. टीएससी असलेल्या प्रौढ कामगाराला दिवसपाळी मिळावी यासाठी डॉक्टरांचं पत्र नेणं हे कुठल्याही सुपरफूडपेक्षा जास्त उपयोगाचं ठरू शकतं.

एकाचं पथ्य, दुसऱ्याचं अपथ्य

मग आहार कुठल्याच जनुकीय आजारातल्या गाठीवर चालत नाही का? चालतो. कुठलं जनुक बिघडलंय त्यावर ते अवलंबून आहे.

ग्लायकोजेन साठवणीचा 'एक-ए' नावाचा आजार घ्या. यात यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडण्याचं शेवटचं विकरच नसतं. बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजलं नाही तर साखर कोसळते. मोठेपणी यकृतात गाठी येतात. १९८४ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी एक साधा उपाय दाखवला: मक्याचं स्टार्च, आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते, कच्चंच थंड पाण्यात कालवून ठरावीक तासांनी द्यायचं. शिजवलं तर ते लगेच पचतं आणि साखर झटकन चढून उतरते; कच्चं असेल तर हळूहळू, तास-न्-तास साखर पुरवत राहतं. रक्तातली साखर आणि चरबी नीट सांभाळलेल्या काही रुग्णांत यकृतातल्या गाठी लहान झाल्याच्या नोंदी आहेत. इथे आहार हाच मुख्य उपचार, कारण बिघाडच अन्नाच्या हिशोबात आहे आणि तो बाहेरून भरून काढता येतो. पिष्ट टीएससीच्या कीटो-ताटातून हद्दपार, आणि इथे तेच पिष्ट जीव वाचवतं.

लिंच सिंड्रोममध्ये डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे आतड्याचा आणि इतर अवयवांचा कॅन्सर तरुणपणी होतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन बर्न आणि जॉन मॅथर्स यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत नऊशेवर लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला रोज ३० ग्रॅम न पचणारं स्टार्च, दुसऱ्याला दिखाऊ पूड, सरासरी दोन वर्षं. मग दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये काहीच फरक नाही. पण जठर, स्वादुपिंड, पित्तमार्ग अशा वरच्या पचनमार्गातले कॅन्सर स्टार्चवाल्या ४६३ जणांत ५, तर दुसऱ्या गटातल्या ४५५ जणांत २१. हे स्टार्च कच्चट हिरव्या केळ्यात असतं, शिजवून गार केलेल्या भातातही थोडं वाढतं. ज्या आतड्यासाठी प्रयोग केला तिथे उपयोग झाला नाही, आणि ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणी झाला. अंदाजाने पथ्य ठरवण्यातला धोका यातून दिसतो.

आणि हळद? आतड्यात शेकडो मोड येणाऱ्या एफएपी या आनुवंशिक आजारात २००६ मध्ये पाच रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन दिलं होतं. मोडांची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी घटली. बातमी जगभर गेली. पण त्या पाच जणांना तुलनेला दुसरा गट नव्हता. त्याच संशोधक-चमूने पुढे ४४ रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना दिखाऊ गोळी. २०१८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. आमटीतल्या हळदीला यामुळे काही कमीपणा येत नाही. हळदीच्या महागड्या कॅप्सूलवर औषधाचे पैसे घालवण्यापूर्वी मात्र हा निकाल आठवावा.

म्हणून टीएससीच्या घरात कोणी आहाराचा नवा मंत्र घेऊन आलं, तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. हे कोणत्या जनुकाच्या आजारात पाहिलं? माणसांत की उंदरांत? तुलनेला दुसरा गट होता का? आणि फरक फिटांत पडला, वजनात पडला, की गाठीच्या मापात? बहुतेक दावे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच गळतात. जो टिकेल तो डॉक्टरांपुढे ठेवावा आणि चालू औषधाशी त्याचं जमतं का ते विचारून घ्यावं. आणि पथ्य कुठलंही धरलं तरी तपासण्यांचं वेळापत्रक मोडू नये. पोटाचा एमआरआय दर एक ते तीन वर्षांनी आयुष्यभर, मेंदूचा पंचविशीपर्यंत, असा जाणकारांचा दंडक आहे. गाठ वाढली, थांबली की आटली, हे जेवणानंतर वाटणाऱ्या हलकेपणावरून कळत नाही. ते मागच्या आणि आताच्या एमआरआयमधली मापं शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं.